सचिवांच्या पित्तनलिकेबाबत

६ नोव्हेंबर, गुरुवार

ही डायरी गोकर्णला घेतली होती. जाड कागद, कव्हरवर कासव. रोज लिहायचं ठरवलं होतं. पहिल्या पानावर नाव लिहिलं, दुसऱ्यावर कासव काढायला गेले ते टरबूज झालं, तेव्हापासून राहिलंच. आज लिहिण्याचं कारण एवढंच की मोबाइल चार्जिंगला आहे आणि मामी समोर बसून मुळा किसतेय. नुसती बसलेली दिसले तर किसणी माझ्या हातात येईल.

तर. सिल्व्हर पार्क, मामाचं घर, तिसरा मजला. दिवाळीत दोन दिवसांसाठी आले. दारात मामा उभा. वाटलं, पणत्यांच्या उजेडात असा दिसतोय. मामीने ट्यूब लावली, मामा पिवळाच.

त्याला दोन आठवडे झाले. कावीळ यकृताची असते एवढंच मला माहीत होतं, मामाची नळीची निघाली. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी जी नळी असते ती एका जागी आवळली गेलीय. हॉस्पिटलात तोंडातून दुर्बीण घालून आत प्लास्टिकची बारीक नळी सरकवली, पित्त वाहायला लागलं, मामा हळूहळू पिवळ्याचा गव्हाळ होतोय. प्रश्न एकच उरला. आवळलं कशानं? नुसती सूज, की कॅन्सर? त्या जागेवरून ब्रश फिरवून पेशी काढल्या होत्या. रिपोर्ट: नक्की सांगता येत नाही.

मामी कॅन्सर म्हणत नाही. ‘ते’ म्हणते. ‘ते नसेलच.’

मुळा संपला. आता गाजर. पळते.


७ नोव्हेंबर, शुक्र.

मामाबरोबर हॉस्पिटल. मोठे डॉक्टर (मामी त्यांना असंच म्हणते, म्हणून मीही. इथे मो.डॉ.) दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत. आजची दोन: ‘कॅमेरा नळीच्या आत नेऊन बघू, दिसेल तिथले चिमटे घेऊ. पुढच्या गुरुवारी या.’

(चिमटे म्हणजे तपासायला काढलेले बारीक तुकडे.) मामाने मान डोलावली. मामीने देवाचं नाव घेतलं. मी कॅन्टीनला गेले.

तिथे एक मुलगी, पांढरा कोट, पायात क्रॉक्स, टेबलावर थर्माकोलचा डबा, त्यातून धूर. मला वाटलं आइस्क्रीम.

‘कुठला फ्लेवर?’

‘पित्त,’ ती म्हणाली.

हिचं नाव रुजुता. पीएच.डी. करतेय. नळीत नळी घालताना जे पित्त निघतं त्यातलं थोडं, पेशंटने सही दिली तर, ही घेऊन जाते आणि उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवते. मामाचंही घेतलंय. मामाने सही दिली होती. मामा कशावरही सही देतो, फक्त आधी सगळं वाचतो. बाकीच्यांना पाच मिनिटं लागतात, मामाला पाऊण तास लागला होता आणि त्याने दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले. रुजुताच्या लक्षात होता.

पित्तात काय बघता, विचारलं. मायक्रोआरएनए. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला बॉटनीत लटकून सोडून दिलेली, तरी तिने समजेल असं सांगितलं. पेशीत जीन असतात. तिथून संदेश निघतो: अमुक प्रोटीन बनवा. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा. स्वतः काही बनवत नाही. त्या संदेशाला जाऊन चिकटतो आणि म्हणतो, गप. संदेश बाद. नळीच्या आतल्या अस्तराला आजार झाला की यातले काही तुकडे वाढतात, काही कमी होतात, आणि बारीक पुड्यांत गुंडाळलेले पित्तात तरंगत राहतात. कॅन्सरमध्ये कुठले आणि नुसत्या सुजेत कुठले हे जर खात्रीने वेगळं ओळखता आलं, तर तुझ्या मामांसारख्यांना पुन्हा पुन्हा चिमटे काढायला नको.

भारीच. मला इतकं आवडलं की तिचा समोसा मी खाल्ला हे मला नंतर कळलं.


८ नोव्हेंबर, शनि.

मामाला सगळं समजावलं. मामा बिल्डिंगचा सचिव आहे, मी शाळेत होते तेव्हापासून. त्याला कुठलीही गोष्ट सोसायटीत बसवल्याशिवाय कळत नाही.

‘म्हणजे स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याचं काम थांबवायचं?’

‘हो.’

‘जिग्नेशभाई!’

जिग्नेशभाई खजिनदार. मामा एकदम सावरून बसला. विषयाला घर मिळालं ना.

मग मी एकवीस नंबरचं सांगितलं. या तुकड्यांना नंबर असतात, त्यातला एकवीस कॅन्सरमध्ये वाढलेला दिसतो म्हणे. पण तो सुजेतही वाढतो, त्यामुळे त्याच्या एकट्यावर कोणी विसंबत नाही.

‘आपल्याकडेही एकवीस नंबरच,’ मामा म्हणाला. ‘जिन्यात भांडण कुठलंही असू दे, फ्लॅट एकवीसवाला तिथे असतोच. पण भांडण त्यानेच लावलं असं म्हणता येत नाही.’

रुजुताला हे कळवायला हवं. तिच्या प्रबंधात घालेल.

मी रंगात आले होते. म्हटलं, ‘मामा, तुझ्या पित्तात उत्तर लिहिलेलं आहे, फक्त वाचायचं बाकी आहे.’ वाक्य मलाच इतकं आवडलं की हात हलवून पुन्हा म्हटलं.


१० नोव्हें., सोम.

घरात हळद बंद. कावीळ पिवळी, हळद पिवळी, मामीचा हिशोब सरळ आहे. पांढरी आमटी. पांढरी बटाट्याची भाजी. पांढरे पोहे, म्हणजे पोह्यांनाच काहीतरी झाल्यासारखे. मो.डॉ. म्हणाले होते सगळं खा. मामी म्हणाली, ते त्यांच्या घरी.

सकाळी जयवंतीबाई आल्या, कोळीवाड्यातल्या, मामीच्या नेहमीच्या मासळीवाल्या. टोपली खाली ठेवायच्या आधी मामाकडे बघून:

‘साहेब अजून पिवलंच हाय गो. चेण्याला एक बाई हाय, माल देते. डोक्यावं ठेवायची. जशी कावील उतरते तशी माल वाढते, पार पायाशी येते. माज्या दिराला घातलेली.’

‘दीर बरे झाले?’ मामी.

‘त्याला काय हुतंय. आता माज्याशी भांडतो.’

मामीने स्कूटीची चावी माझ्या हातात दिली. चेण्याला गेले. माळवाली बाई दहा मिनिटांत सापडली, मला यायला साडेतीन तास लागले. वाटेत एक माणूस ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसला होता. थांबून नुसतं बघत होते, त्याने हातात पाना दिला. मग नदीपाशी बगळे. मग पेट्रोल.

मामी: ‘दूध?’

दूध राहिलं. भ.भ. म्हणाली. म्हणजे भटकभवानी. दिवसातून इतक्यांदा म्हणते की मी छोटं करून टाकलंय.

मामाने माळ बघून सांगितलं, हे अशास्त्रीय आहे. मग घातली, आणि टेपने मोजून ठेवली. ‘मोजलं की शास्त्रीय.’


११ नोव्हेंबर, मंगळवार

वाट लागली.

मामाने मो.डॉ.च्या ऑफिसला फोन करून गुरुवार रद्द केला. मामी चहा गाळत होती, गाळणी तशीच हातात धरून बाहेर आली.

‘अहो, रद्द म्हणजे?’

‘चिमटे कशाला काढायचे? माझं पित्त आहे त्यांच्याकडे. उत्तर त्यात लिहिलेलं आहे, फक्त वाचायचं बाकी आहे.’ आणि हात हलवला. अगदी माझ्यासारखा.

मामीने माझ्याकडे बघितलं. भ.भ.सुद्धा म्हणाली नाही. ते जास्त लागलं.


१२ नोव्हें., बुध.

रुजुताला फोन. गुरुवार रद्द झाला म्हटलं.

‘तू त्यांना नक्की काय सांगितलंस?’

सांगितलं काय सांगितलं ते.

‘आणि मी “जर” म्हटलं होतं ते?’

ते मी बहुतेक समोशाबरोबर खाल्लं.

मग ती बोलत गेली, मी ऐकत गेले. हा तपासणीचा रिपोर्ट नाही, संशोधन आहे. फ्रीझरमधल्या नळीवर मामाचं नाव नाही, नुसता कोड आहे, कोणाचं कुठलं हे तिलाही माहीत नसतं. एकट्या माणसाच्या पित्तावरून काही ठरत नाही, खूप जणांचं लागतं, मग जुळवाजुळव, मग दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासायचं. वर्षं जातात. आणि उद्या काही कळलंच तरी ते कुठल्या पेशंटला सांगायची परवानगी नाही. ‘मनू, आत्ता त्यांना चिमटेच सांगू शकतात. ते जर असलंच, तर आत्ता ऑपरेशन करून काढता येईल. थांबलं तर कदाचित नाही येणार. हे त्यांना सांग. यातला एकही शब्द गाळू नकोस.’

हीही ‘ते’ म्हणाली.

मामाला सांगितलं. जरसकट. एकही शब्द न गाळता.

‘वर्षं लागतील?’

‘हो मामा.’

‘लागू देत. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करावी म्हणून मी सतरा वर्षं थांबलोय.’

‘झाली का?’

‘प्रक्रिया सुरू आहे.’


१३ नोव्हेंबर, गुरु.

आज व्हायची होती ती तपासणी झाली नाही. मामीने मो.डॉ.ना स्वतः फोन करून पुढचा गुरुवार घेतला. त्यांची दोन वाक्यं: ‘वीस तारीख देतो. त्यापुढे ढकलू नका.’

मामीने रडून बघितलं. मी ओरडून बघितलं. मामा म्हणाला, ‘एवढा मोठा निर्णय मी एकट्याने आजवर घेतलेला नाही.’ मला वाटलं आईला, मावशीला फोन करायचा म्हणतोय. पेन घेऊन खाली गेला. संध्याकाळी नोटीस बोर्डावर:

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रविवार दि. १६ रोजी सकाळी ११ वाजता पार्किंगमध्ये तातडीची खास सर्वसाधारण सभा भरेल. विषय: १) सचिवांच्या पित्तनलिकेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे. २) गच्चीवरील टाकीचे झाकण. ३) मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’

मामी भाजी घेऊन येताना वाचून आली. पिशवी तिथेच टाकली असावी, कारण वर आली तेव्हा हातात नुसती मेथी होती.

‘अख्ख्या बिल्डिंगला कळलं!’

‘पारदर्शक कारभार,’ मामा म्हणाला.

कॅम्प लावणाऱ्या एका मित्राचा फोन येऊन गेला. भंडारदऱ्याला टेंट लावायला माणूस हवाय, येतेस का. म्हटलं, दोन दिवसांत कळवते.


१६ नोव्हें., रविवार

लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

अकरा वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर चादर, मामा, आणि अध्यक्ष खानसाहेब. बाकी कोणी नाही. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब. नियम असा आहे की अर्ध्या तासाने जे हजर असतील त्यांच्यावर सभा चालते. त्यामुळे सगळे साडेअकरालाच येतात. मामाला हे माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे, तरी नोटिशीत अकराच लिहितात. अर्धा तास मामा आणि खानसाहेब समोरासमोर गप्प बसून राहिले, कारण तहकुबीत कामकाज करता येत नाही.

साडेअकराला खुर्च्या कमी पडल्या. टाकीच्या झाकणासाठी एवढे कधी येत नाहीत.

मामाने विषय वाचला. स्वतःबद्दल ‘सचिवांनी’, ‘सचिवांच्या’ असंच. सचिवांच्या नलिकेत अरुंद भाग आढळला आहे. सचिवांपुढे दोन पर्याय आहेत. एक, कॅमेऱ्याची तपासणी. दोन, सूक्ष्म आरएनएच्या निष्कर्षाची प्रतीक्षा.

जिग्नेशभाई उठले. ‘सावंतभाई, पाइपलाइन का मामला है. अंदर देखे बिना कोई प्लंबर हाथ लगाता है क्या? देखवानुं तो पडे.’

फ्लॅट एकवीसवाले: ‘पण नियमाप्रमाणे तीन कोटेशन मागवली का?’

‘डॉक्टरचं कोटेशन?’

‘नियम म्हणजे नियम.’

मागून कोणीतरी: ‘मेरे साले का भी ऐसा ही था, उसने तो सिर्फ गन्ने का रस पिया.’

‘फिर?’

‘फिर क्या. अल्सर निकला.’

मग कबुतरांच्या जाळीचा विषय निघाला. तो कसा निघाला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी विषय भरकटण्यात स्वतः तरबेज आहे. वीस मिनिटं कबुतरं. खानसाहेबांनी टेबलावर चावी आपटली. ‘भाई लोग, आदमी बीमार है, कबूतर नहीं.’

मतदान. हात वर. तपासणी करावी: इकडचे. थांबावं: तिकडचे. थांबावंवाले कमी नव्हते. त्यातल्या अर्ध्यांना खरंच वाटत होतं की सचिवांना जे हवं तेच म्हणणं ही सभ्यता. खानसाहेबांनी मोजलं, पुन्हा मोजलं. सारखे. अध्यक्षांचं जादा मत असतं, पण खानसाहेब मामाकडे बघायला लागले आणि त्यांचा हात काही वर जाईना. ‘सावंत साब, दोस्त के पेट पे मैं अकेला कैसे साइन करूँ?’

तेवढ्यात जिन्यातून मामी. कणकेचे हात, पदर खोचलेला. ती आजपर्यंत एकाही सभेला आलेली नाही. म्हणते, तिथे नुसता आरडाओरडा असतो, तो घरीही ऐकू येतो.

‘माझं मत राहिलंय,’ म्हणाली.

मामा: ‘अगं, एका फ्लॅटला एकच मत असतं. मी सचिव आहे, मी तटस्थ आहे.’

‘फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?’

सगळे मामाकडे. मामाने चष्मा काढला. फ्लॅट घेताना बाईचं नाव पहिलं असलं तर बँक व्याजात थोडी सवलत देत होती, म्हणून मामाने स्वतःच मामीचं नाव पहिलं घातलेलं. पहिलं नाव मामीचं. मामाचं दुसरं. मत पहिल्या नावाचं.

मामा खोटं बोलू शकला असता. उपविधीची प्रत त्याच्याकडेच होती, बाकी कोणी ती आयुष्यात उघडलेली नाही. पण मामा मामाच. प्रत उघडली, बोट ठेवून वाचलं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, ‘सदर मत वैध आहे.’

मामीने हात वर केला. कणीक लागलेला. खाली घेतलाच नाही, मामाने ठराव लिहून संपवेपर्यंत तसाच.

टाळ्या. मग टाकीचं झाकण. ते पुढच्या सभेवर.


१७ नोव्हें., सोम.

आनंद एक दिवस टिकला.

मामाने काल रात्रीच इतिवृत्त लिहून काढलं, सुंदर अक्षरात. सकाळी नाश्त्याला म्हणतो, ‘इतिवृत्त कायम झाल्याशिवाय अंमलबजावणी करता येत नाही.’

मामी: ‘ते कधी कायम होतं?’

‘पुढच्या सभेत.’

‘ती कधी?’

‘वार्षिक. सप्टेंबरात.’

मामीने पांढरे पोहे त्याच्यासमोर ठेवले आणि बेडरूममध्ये जाऊन कडी लावली. ती कडी आजवर फक्त पाहुणे आल्यावर पसारा लपवायला वापरलेली आहे.


१८ नोव्हें., मंगळ.

मामीची कडी आजही लावलेली. मामाला हाटकेशला जायचं होतं, सोसायटीच्या नव्या टपालपेट्यांचं काम तिथल्या एका गाळ्यात चाललंय. म्हणाला, तू चल, स्कूटी चालव. मागे बसून सबंध रस्ताभर सिग्नल सांगत होता. लाल. लाल, मनू. आता हिरवा.

गाळ्यात वेल्डिंग चालू. पेट्यांना अजून तास होता. बाहेर दोन स्टुलं, चहा. मी ठिणग्या बघत बसले. आणि मामा, कोणी काही न विचारता, ठिणग्यांकडेच बघत:

‘बघितलं नाही तोवर ते नसतं गं. ब्रशवाल्यांनी लिहिलं ना, सांगता येत नाही. मला तो रिपोर्ट आवडला. सगळ्यात चांगला रिपोर्ट. आता हे कॅमेरा घालणार, चिमटे काढणार, मग सांगता येईल. सांगता आलं की संपलं. तुझ्या त्या बारीक तुकड्यांचं बरंय, वर्षं लागणार म्हणालीस, मला हायसं वाटलं.’

म्हणजे त्याला पहिल्यापासून सगळं कळलं होतं. ‘जर’ही.

मला काहीतरी शहाण्यासारखं बोलायचं होतं. रुजुता असती तर बोलली असती. मला एवढंच सुचलं की मी पण असंच करते. कुठेही गेले की रिझल्ट लागायच्या आधी निघते. कॉलेजातून, नोकरीतून, त्या गोकर्णच्या मुलापासून. कळायच्या आत पुढचं गाव. हे मी बोलले की नुसतं मनात आलं, आठवत नाही. बोलले असावे, कारण मामा म्हणाला:

‘मग इथे किती दिवस आहेस?’

सवयीने तोंडातून गेलं, ‘दोन दिवस.’

मामा हसला. दिवाळीपासून पहिल्यांदा. वेल्डर मान वर करून बघायला लागला.

‘बरं,’ म्हणाला. ‘परवा गुरुवार. म्हणजे तू आहेस.’

‘आहे.’

‘मग तुझ्या दोन दिवसांतच उरकून घेऊ.’

‘आणि इतिवृत्त?’

‘अध्यक्षांच्या परवानगीने.’

तिथूनच खानसाहेबांना फोन लावला. स्पीकरवर नव्हता तरी ऐकू आलं, ‘अरे दे दी, दे दी, कब से दे दी!’

घरी आल्यावर मामाने बंद दाराबाहेरून मामीला सांगितलं. कडी निघाली. मामीने सरळ जाऊन डाळीला फोडणी दिली. पिवळी. घमघमाट. मामाने तीनदा वाढून घेतली.

टपालपेट्या आणायच्या राहिल्या.


२० नोव्हें., गुरु.

झालं.

आत नेण्याआधी रुजुता आली, थर्माकोलचा डबा घेऊन, जरा लांबच उभी. विचारू की नको असं तोंड. मामाने स्वतःच बोलावलं. ‘अर्ज आणा, पुन्हा सही देतो.’

ती म्हणाली, ‘काका, पण तुम्हाला यातून काही कळणार नाही. आधीच सांगते.’ आणि माझ्याकडे बघितलं.

‘माहीत आहे,’ मामा म्हणाला. ‘हे पुढच्या सचिवासाठी.’

वाचायला घेतला. पाऊण तास. नर्सने दोनदा हाक मारली. या वेळी स्वल्पविराम त्यांनी आधीच सुधारले होते. मामाला इतकं बरं वाटलं की स्ट्रेचरवर एकही नियम न विचारता चढला.

माळ नर्सने काढायला लावली. मामी ती हातात गुंडाळून बाहेर बसली. मी बसले. तास, मग आणखी एक. मला एका जागी बसायची सवय नाही, पाय आपोआप लिफ्टकडे जात होते. मामीने माझ्या कुर्त्याचं टोक धरून ठेवलं होतं, लहान मुलाचं धरतात तसं.

मो.डॉ. बाहेर आले. दोन वाक्यं. ‘जागा नीट दिसली, चिमटे मिळाले. रिपोर्ट आला की बोलू.’

‘दिसायला कसं होतं?’ मामी.

‘रिपोर्ट आला की बोलू.’ तीन झाली वाक्यं. तिसरं जुनंच, पण मी धरते.


२२ नोव्हें., शनि.

मामा घरी. घसा दुखतोय म्हणून बोलत नाही, चिठ्ठ्या लिहितो. ‘चहा.’ ‘पंखा १ वर.’ ‘टपालपेट्या?’ त्याला म्हटलं, तू आता मायक्रोआरएनए झालास, बावीस अक्षरांत सगळ्यांना गप करतोस. चिठ्ठी आली: ‘बावीस बरीच झाली.’

दुपारी हॉस्पिटलचा फोन. रिपोर्ट आलाय. फोनवर सांगत नाहीत, सोमवारी दहाला या, मो.डॉ. स्वतः सांगतील.

मामी: ‘आवाज कसा होता बाईचा?’

‘रिसेप्शनवर असतो तसा.’

‘म्हणजे चांगला?’

‘म्हणजे नाक चोंदल्यासारखा.’

‘रडलेला?’

‘मामी, सर्दी असेल तिला.’

यावर दीड तास चर्चा. जयवंतीबाईही होत्या. त्यांचं मत, सर्दीच. वाईट असतं तर आजच बोलावलं असतं. मग जरा थांबून, ‘नाय तर चांगलं असतं तरी आजच बोलावलं असतं.’ मामीने त्यांना पापलेट परत केलं.

भंडारदऱ्याचा फोन पुन्हा आला. उचलला नाही. उचलून नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, ते अजून जमत नाही.


२३ नोव्हेंबर, रविवार

सोमवार अजून उद्याच.

मामाचा आवाज परत आला. सकाळपासून त्याचा फक्त ‘सही कुठेय, सही कुठेय’ असा घोष, इतिवृत्तावर अध्यक्षांची राहिलीय म्हणे. मामीने कपाटं आवरायला काढलीत, आधी आवरलेलीच. मी खिडकीत बसून हे लिहितेय. खाली लिफ्टवाले लिफ्ट उघडून बसलेत. इतर दिवशी मी तिथे पोचले असते, आज बसून आहे.

चारला इंटरकॉम वाजला. मामाने घेतला. वॉचमन यादवजी एवढ्या मोठ्याने बोलतात की त्यांना इंटरकॉमची गरज नाही.

‘साब, एक डॉक्टर साब आए हैं. आपका फ्लॅट पूछ रहे हैं. मैंने बोला लिफ्ट बंद है, तो बोले चढ़ जाऊँगा.’

मामाने रिसिव्हर जागेवर ठेवला. तो जागेवर नव्हता, खाली लोंबकळतोय, त्यातून यादवजी अजून बोलतायत.

मामीने गॅलरीतून वाकून बघितलं. ‘मोठे डॉक्टर! अगं, टी-शर्टात. मला ओळखूच येईनात. एकटेच आहेत.’

‘हातात काय आहे?’

‘दिसलं नाही, जिन्यात शिरले.’

डॉक्टर रविवारी घरी का येतो? चांगलं असेल म्हणून? की वाईट असेल म्हणून? की इथे जवळ कोणाकडे आले होते, म्हणून नुसते चहाला? मामीच्या चेहऱ्यावर तिन्ही एकामागून एक येऊन गेली.

मामा शर्ट चढवतोय. ‘अजेंडा न कळवता सभा घेता येत नाही,’ असं पुटपुटत, बटणं एक घर चुकवून. मामीने पुढे होऊन सगळी काढली आणि पुन्हा लावली, वरपासून, सावकाश. मामा लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा.

पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. दम खातायत.

‘मनू,’ मामा म्हणाला, ‘त्यांना ती हातवाली खुर्ची दे. नीट बसले तर दोन वाक्यांवर उठणार नाहीत.’

खुर्ची दिली. म्हणजे ठेवली. मामी दार उघडून उभी आहे. पावलं परत सुरू झाली. आता चपला काढल्या.

आले.